खुरी प्राण्यांचे दात आणि आपला माळ

मागच्या उन्हाळ्यात आटपाडी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. टेबलावर आम्ही तीन जबडे मांडले होते. एक म्हशीचा, एक घोड्याचा आणि एक डुकराचा. तिन्ही माळावर पडून, उन्हापावसात धुऊन निघालेले. शिक्षकांनी ते हातात घेऊन पाहावेत, दाढांचे चित्र काढावे, एवढाच आमचा बेत होता. पण चित्रे काढता काढता एका गुरुजींनी मध्येच विचारले, "आमचा हा सगळा माळ पूर्वी घनदाट जंगल होता, माणसाने तोडून उजाड केला, असे आम्ही मुलांना सांगतो. दर पावसाळ्यात खड्डे खणून झाडेही लावतो. पण जंगल होते हे कशावरून?"

प्रश्न जबड्यांच्या विषयाबाहेरचा वाटला तरी तसा नव्हता. उलट जबड्यांना विचारण्यासारखा तो सर्वांत चांगला प्रश्न होता. त्या दिवशी वेळ पुरला नाही. उरलेले उत्तर इथे लिहीत आहोत.

आधी एक शंका दूर करू. जुन्या काळचा परिसर कळावा म्हणून शास्त्रज्ञ खुरी प्राण्यांच्याच मागे का लागतात? वाघ-बिबट्यांची हाडे का चालत नाहीत? याचे उत्तर सातारा-सांगलीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बिबट्या कोयनेच्या रानात राहतो आणि कराड-शिराळ्याच्या उसातही पिल्ले घालतो. हजारो वर्षांनी कोणाला त्याचे हाड सापडले, तर इथे रान होते की ऊस, हे त्यावरून कळणार नाही. खुरी प्राण्यांचे तसे नाही. ते शाकाहारी, म्हणजे तिथल्या वनस्पतींशी थेट बांधलेले. कळपाने राहत असल्याने त्यांची संख्या जास्त. हाडे दणकट, आणि दात तर हाडांहूनही टिकाऊ.

खूर म्हणजे जाड होऊन बोटाच्या टोकावर टोपणासारखे बसलेले नख. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो, गेंडा तीन बोटांवर. हे विषमखुरी. गाय, म्हैस, शेळी, हरीण, डुक्कर यांचा भार दोन बोटांवर असतो. हे समखुरी. या घराण्याची सुरुवात किती जुनी, हा वादाचा विषय आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातील किसलपुरी येथे दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात एक इवलीशी दाढ मिळाली. तिच्या आधारे जी. व्ही. आर. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये खुरी प्राण्यांच्या एका प्राचीन नातलगाचे वर्णन प्रसिद्ध केले. काळ डायनोसॉर अजून हयात असतानाचा. अजिंक्यतारा ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो त्याच लाव्हाच्या महापसाऱ्यातला. पण आपल्या प्रश्नासाठी इतके मागे जायची गरज नाही. काही हजार ते काही लाख वर्षे पुरेशी आहेत.

आता जबडे. म्हशीच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, वरच्या जबड्यात पुढे एकही नसतो. (गोठ्यात वाढलेल्या मुलांना हे ठाऊक असते, पुस्तकात वाचलेल्यांना नसते, असा आमचा अनुभव आहे.) त्यामागे थोडी मोकळी जागा आणि मग दाढांची रांग, प्रत्येक बाजूला सहा. आता जबड्याच्या हाडाचा कडेचा तुकडा निखळलेला असेल तिथून दाढ आडवी पाहा. हिरडीच्या वर दिसणारा भाग थोडा असतो, बाकीची दाढ हाडात खोल उतरलेली असते. ही उंच दाढ वरून झिजते तशी खालून वर सरकत राहते. तरुण घोड्याची दाढ सात-आठ सेंटिमीटर उंच असते आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजते. घोड्याचे वय दातांवरून सांगतात ते काही उगीच नाही.

याउलट डुकराची दाढ बुटकी असते. आपलीही तशीच. वर्गात एखाद्या मुलाने पडलेली दुधाची दाढ जपून ठेवली असेल तर ती म्हशीच्या दाढेशेजारी ठेवा, फरक लगेच कळेल. कंदमुळे, फळे, कोवळा पाला खाणाऱ्याला बुटकी दाढ आयुष्यभर पुरते. गवत खाणाऱ्याला पुरत नाही. गवताच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीच्या पदार्थाचे, सूक्ष्म कण असतात. उसाच्या फडात उघड्या हातांनी शिरलेल्या कोणालाही गवताच्या पात्याची धार सांगावी लागत नाही. ऊस हेही एक गवतच. त्यामुळे जुना समज असा होता की उंच दाढ म्हणजे गवत खाणारा प्राणी, म्हणजे तिथे गवताळ प्रदेश, आणि बुटकी दाढ म्हणजे पाला खाणारा, म्हणजे तिथे रान.

हा समज अर्धाच बरोबर आहे. दाढ नुसत्या गवताने झिजत नाही, धुळीनेही झिजते. माणदेशात मार्च-एप्रिलमध्ये बाभळीच्या पाल्यावर बोट फिरवून पाहा. त्या पाल्यावर जगणाऱ्या जनावराच्या तोंडात दर घासाला माती जाते. आपला चिंकारा पुष्कळदा झुडपांचा पाला आणि शेंगा खातो, तरी त्याच्या दाढा उंच असतात. तेव्हा उंच दाढ एवढेच सांगते की मुलूख उघडा, कोरडा, धुळीचा असावा. जनावर तिथे गवत खात होते की झुडपे, हे विचारायला दुसरा साक्षीदार हवा.

हा साक्षीदार कार्बन. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बहुतेक कार्बन-१२ असतो आणि थोडा त्याहून जड कार्बन-१३. वनस्पती अन्न बनवताना हलक्या कार्बनला झुकते माप देतात, पण सगळ्या सारखे देत नाहीत. आंबा, बाभूळ, बोर, हरभरा, गहू, भात यांची रीत एक, तिला सी-३ म्हणतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि माळावरची कुसळी, मारवेल, पवना ही गवते यांची रीत दुसरी, तिला सी-४ म्हणतात. प्रमाण नमुन्याच्या तुलनेत जड कार्बन हजारात किती कमी, हे मोजले तर सी-३ वनस्पतींत तो आकडा सुमारे उणे २७ येतो आणि सी-४ मध्ये सुमारे उणे १३. खुरी प्राणी जे खातो त्यातून दातावरचे पांढरे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, बनते. मोठ्या खुरी प्राण्यांत हा आकडा इनॅमलमध्ये साधारण १४ ने वाढलेला मिळतो. म्हणजे नुसता पाला खाणाऱ्याच्या दातात उणे १३ च्या आसपास, नुसते माळाचे गवत खाणाऱ्याच्या दातात अधिक १ च्या आसपास. दोन्ही खाणारा मधे कुठेतरी. मधात उसाची साखर मिसळली आहे का, हे प्रयोगशाळेत याच तत्त्वावर पकडतात.

इनॅमल जवळजवळ पूर्ण खनिजाचे असते. म्हणून मातीत हजारो वर्षे पडूनही ते फारसे बदलत नाही, हाड मात्र बदलते. शिवाय दाढ एका दिवसात बनत नाही. टोकापासून मुळाकडे ती महिनोन्‌महिने वाढत असते. तेव्हा तिच्या उंचीवर पट्ट्या-पट्ट्यांनी नमुने घेऊन ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे मापन केले, तर प्यायलेल्या पाण्यातला बदल, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा, चढउताराच्या रेघेसारखा मिळतो. मेलेल्या जनावराच्या दाढेत त्याने पाहिलेला मोसमी पाऊस नोंदलेला असतो, असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे नव्हे.

हे सारे पडताळून पाहायला सातारा-सांगलीसारखी जागा शोधून सापडायची नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हसवडला पाचशेच्या आसपास. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात, सव्वाशे किलोमीटरच्या आत. पश्चिमेला कोयना-चांदोलीच्या रानात गवा, सांबर, भेकर, पिसोरी. पूर्वेला माण, आटपाडी, जतच्या माळावर चिंकारा, आणि पलीकडे सोलापूरच्या नान्नजला काळवीट. समजा, उद्या कोणाला फक्त दाढा दिल्या, गावांची नावे झाकून ठेवली. पिसोरी-भेकराच्या बुटक्या दाढा आणि त्यांतला उणे आकडा पाहून तो म्हणेल, हे सह्याद्रीतले रान. काळविटाची उंच दाढ आणि तिच्यातला गवताचा आकडा पाहून म्हणेल, हा माळ. गव्याशी मात्र तो अडखळेल, कारण गवा गवतही खातो आणि बांबूही, आणि बांबू गवताच्या कुळातला असूनही त्याची रीत सी-३ ची. म्हणूनच एका दाढेवर निकाल द्यायचा नसतो. तिथली सगळी मंडळी एकत्र पाहायची असतात.

आणि तरीही फसायला होतेच. देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उजाड डोंगरावर उभे राहिलेले ते रान. तिथल्या कुंपणात सांबर, चितळ आणि काळवीट एकत्र आहेत, कारण माणसाने ते तिथे आणून सोडले. दहा हजार वर्षांनी उत्खनन करणारा बिचारा सागरेश्वरला डोके धरून बसेल! (जाता जाता एक सूचना. प्रयोगासाठी सांबराचे शिंग किंवा रानातल्या प्राण्याचा जबडा शाळेत आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. म्हैस, शेळी, डुक्कर आपल्याला पुरे.)

आता खऱ्या जीवाश्मांकडे येऊ. कृष्णेच्या खोऱ्यातली एक प्रसिद्ध नोंद सांगलीच्या दक्षिणेला, बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकजवळची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट हे या भागाची पाहणी करीत होते. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार ओळखून भारतीय प्रागितिहासाचा पाया घालणारे ते हेच फूट. गोकाकजवळ चिकदौली गावी, घटप्रभेच्या खोऱ्यातल्या गाळात त्यांना एका मोठ्या प्राण्याचे दात व हाडे मिळाली. तो गेंडा होता. १८७४ मध्ये फूट यांनी त्याचे वर्णन करून त्याला 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८७६ चा आहे.

गोकाक आपल्याकडे धबधब्यासाठी आणि करदंटासाठी प्रसिद्ध. तिथे गेंडा! आज भोवताली कोरडवाहू शेते आणि खडकाळ माळ. गेंडा म्हटला की दलदल आणि दाट अरण्य डोळ्यांपुढे येते, आणि मग 'पूर्वी हा सगळा मुलूख जंगल होता' या समजाला जणू शिक्कामोर्तब मिळते.

पण गेंडा खरोखर दाट अरण्यातच राहतो का? काझीरंगातला आजचा एकशिंगी गेंडा मुख्यतः गवत खातो. ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातले ते गवत माणसाहून उंच असते, आणि त्यातले काही थेट उसाच्या जातकुळीतले. त्याला नदी हवी, लोळायला चिखल हवा आणि काठाने उंच गवत हवे. शेकडो मैल अखंड रान हवेच असे नाही. तेव्हा चिकदौलीच्या गेंड्यावरून निश्चित म्हणता येते ते एवढेच की तिथे बारमाही पाणी, चिखल आणि भरपूर चारा होता. तो चारा पाला होता की गवत, हे गेंड्याच्या नावावरून ठरवायचे नसते. ते त्याच्या दाताला विचारायचे असते. गुजरातमध्ये लांघणज येथेही, आज जिथे वाळूच्या टेकड्या आहेत तिथे, मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले आहे. त्यावर खळगे आहेत, माणसांनी त्याचा ऐरणीसारखा वापर केला होता. म्हणजे कोरड्या मुलखातही पाणथळी धरून गेंडे तग धरून होते, आणि माणसाच्या शेजारी होते.

इतर नद्यांच्या गाळातली मंडळी पाहिली की चित्र आणखी भरते. गोदावरी, मांजरा, घोड यांच्या काठांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे काम केले. गो. ल. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरचा ग्रंथ १९७९ मध्ये निघाला. या गाळांत मोठ्या शिंगांचे रानबैल, रानम्हशी, जंगली घोडे, हरणे यांचे अवशेष मिळतात आणि त्यांच्याबरोबर हत्तींचे. नर्मदा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत तर पाणघोडाही होता. यातले घोडे आणि रानबैल गवताची बाजू सांगतात, रानम्हशी आणि पाणघोडा पाण्याची. पाणघोडा दिवसभर डोहात राहतो आणि रात्री काठावर गवत चरतो. त्याला बारा महिने पाण्याने भरलेला डोह लागतो. जंगलाशी त्याचे फारसे देणेघेणे नसते. भारतातला पाणघोडा संपला तो फार पूर्वी नव्हे, सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तो तग धरून होता, असे अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले आहे. हिमयुगाच्या शेवटी मोसमी पाऊस क्षीण झाला, डोह आटत गेले, हे त्याचे एक कारण समजतात. माणूस तेव्हा इथे आलेला होता, त्याचाही हात असेल.

पाऊस क्षीण झाल्याची खूण आपल्या नदीकाठी उघडी दिसते. नदीच्या पात्राला दोन्ही बाजूंनी पिवळसर गाळाच्या उंच दरडी असतात. वायव्य दख्खनच्या नद्यांचा अभ्यास करून विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले की असा गाळ साचला तो पाऊस दुबळा असतानाच्या काळात. पाणी कमी, त्यामुळे आलेला गाळ वाहून नेण्याची ताकद नदीत उरली नव्हती. पुढे मोसमी पाऊस पुन्हा जोरात आला, तेव्हा नदीने तोच गाळ खोल कापून काढला. त्या कापलेल्या दरडीतच जीवाश्म डोके वर काढतात.

मग गुरुजींचा माळ? गवताची सत्ता किती जुनी, याचा भक्कम पुरावा हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या थरांत आहे. जे क्वेड, थुरे सर्लिंग आणि जॉन बोमन यांनी १९८९ मध्ये पोटवार भागातल्या प्राचीन मातीतील चुनखडीचा कार्बन मोजला. सी-३ चा आकडा सरकत सरकत सी-४ कडे गेलेला आढळला. खुरी प्राण्यांच्या दातांनी नंतर हेच सांगितले. हा बदल साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या काळी कुऱ्हाड नव्हती, शेत नव्हते, माणूसही नव्हता. आपल्या महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली आहेत. शहामृग काही खुरी नव्हे, पण तो दाट रानात राहत नाही, हे आपल्या कामाचे. आणि अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी कथा-ओव्यांमधल्या वनस्पतींचे उल्लेख तपासून असे दाखवले आहे की पश्चिम महाराष्ट्रातला कोरडा मुलूख काही शतकांपूर्वीही झाडे विरळ आणि गवत अधिक असाच होता.

एवढ्यावरून प्रत्येक उघडी टेकडी अनादी काळापासून उघडीच होती असे ठरत नाही. घाटमाथ्यावर तुटलेले रान तुटलेलेच आहे, ओढ्याकाठची झाडीही पुष्कळ गेली. पण आटपाडीचा माळ म्हणजे मेलेले जंगल, हे गृहीत धरून मुलांना शिकवणे आम्हाला पटत नाही. कुसळी-पवन्याच्या माळावर सरसकट खड्डे खणून गिरिपुष्प लावले, तर ज्याच्या दाढा याच मुलखासाठी घडल्या त्या चिंकाऱ्याची जागा आपण काढून घेतो. झाडे लावावीत, पण ओढ्याला, बांधाला, गावठाणात. गुरुजींना आम्ही हे सांगितले तेव्हा ते जरा नाराज झाले. दहा वर्षांचे खड्डे त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावेत.

शेवटी थोडे कामाचे. २०१९ च्या महापुरासारखा पूर येऊन गेला की कृष्णा, वारणा, येरळेच्या दरडी नव्याने कापलेल्या असतात. वाळूचा उपसा आणि वीटभट्ट्यांसाठी गाळ खणणे तर बारमाही चालू. यात जे उघडे पडते ते बहुधा कोणी न पाहताच नाहीसे होते. नदीकाठच्या शाळेतल्या शिक्षकांइतके तिथे वरचेवर जाणारे दुसरे कोणी नाही. दरडीत हाड किंवा दात दिसला तर तो उपटू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो घ्या. वरून किती खाली, कोणत्या थरात, गोटे आहेत की बारीक गाळ, चुनखडीने सांधलेला आहे का, हे लिहून ठेवा आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. थरातून सुटलेल्या दाताची निम्मी साक्ष थरातच राहते.

त्याच गुरुजींनी दिवाळीनंतर आम्हाला येरळेच्या काठावरचा एक फोटो पाठवला. पट्टी ठेवलेली, थराची नोंद नीट, काळपट झालेली उंच दाढ. आम्हीही क्षणभर हरखलो. मग नीट पाहिले. दाढेच्या वीतभर खाली, त्याच गाळात, हिरव्या काचेच्या बाटलीचा तळ दिसत होता. दाढ बैलाची होती, आणि बाटलीनंतरची. गुरुजींना कळवले, तर त्यांचे उत्तर आले की हे मुलांनी आधीच ओळखले होते, फोटो आम्ही ओळखतो का ते पाहायला पाठवला होता.